पळणाऱ्या मुलीला काय काय लागतं?



पहाटे पाचच्या सुमारास आपल्या दौंड रस्त्याला किंवा घाटाच्या बाजूला गेलात तर एक गोष्ट हमखास दिसते. एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या गाड्या यायच्या आधी दोन-दोन, चार-चार मुली रस्त्याच्या कडेनं पळत असतात. अंगात भावाचा टी-शर्ट, पायात कुठलेतरी बूट, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "भरतीची तयारी." पोलीस भरतीत मैदानी परीक्षा ५० गुणांची असते. त्यातले २० गुण मुलींना ८०० मीटर धावण्यावर मिळतात. ते पैकीच्या पैकी घ्यायचे तर ते अंतर २ मिनिटं ५० सेकंदांत संपवावं लागतं. आपल्या भागात दौंडला राज्य राखीव पोलीस बल आहे, त्यामुळे वर्दीचं आकर्षण घराघरात आहेच.

या मुलींच्या आया आपल्याच गटांत आहेत. "पोरगी रोज पळते, पण तिला खायला काय द्यायचं? पाळीच्या दिवसांत पळू द्यायचं का? आणि हे किती वर्षं चालू द्यायचं?" असे प्रश्न बैठकीत निघतात. म्हणून या अंकात पळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितेय. त्यासाठी जरा लांब, आफ्रिकेतल्या केनिया देशापर्यंत जाऊन यावं लागेल. तिथल्या बाया जगात सगळ्यात जोरात पळतात. मग नाशिक आणि साताऱ्यात येऊ, कारण तिथल्या दोघींनी आपल्याला त्याहून जवळचं काही दाखवलंय.

आधी अंतरांची ओळख

१००, २०० आणि ४०० मीटर या कमी अंतराच्या, जोराच्या शर्यती. ८०० आणि १५०० मीटर म्हणजे मध्यम अंतर. ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन हे लांब अंतर. मॅरेथॉन असते ४२ किलोमीटर १९५ मीटरची. आणखी एक गंमतशीर शर्यत आहे, ३,००० मीटर स्टीपलचेस. साडेसात फेऱ्या पळायचं आणि वाटेत लाकडी अडथळे ओलांडायचे. ते २८ वेळा कोरडे आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यासहित येतात. उसाच्या रानात बांध आणि पाट ओलांडत पळाल्यासारखंच, फक्त इथं थांबून पदर खोचायला वेळ नसतो.

ही अंतरं बायकांना कधीपासून पळू दिली, हे वाचून मला तरी आश्चर्य वाटलं. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राड्केनं ती २ मिनिटं १७ सेकंदांच्या आत जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी धापा टाकत खाली बसल्या. एवढं अंतर पळून कुणीही बसेल, पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी ओरड केली की बायकांच्या नाजूक शरीराला हे झेपत नाही. झालं, शर्यत बंद. ती पुन्हा सुरू व्हायला १९६० साल उजाडलं. म्हणजे ३२ वर्षं. १५०० मीटर बायकांना मिळाली १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये, ५,००० मीटर १९९६ मध्ये आणि स्टीपलचेस तर थेट २००८ मध्ये. दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला हे "नाजूक शरीर" वगैरे सांगितलं तर ती काय म्हणेल, ते मी इथं लिहीत नाही.

केनियात काय आहे?

केनियाच्या पश्चिम भागात उंच डोंगरपठार आहे. तिथं इटेन नावाचं छोटं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंच. आपलं कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी जवळजवळ अर्धं कळसूबाई ठेवलं तर इटेनची उंची येते. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, श्वासात प्राणवायू कमी मिळतो. मग शरीर काय करतं? रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं, म्हणजे थोड्या हवेत जास्त काम भागतं. असं रक्त घेऊन माणूस खाली सपाटीवर पळायला आला की त्याला दम कमी लागतो.

त्या भागातली बहुतेक माणसं शेतकरी आणि गुराखी. जेवण साधं. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, त्याला उगाली म्हणतात. आपल्या उकडीची मोठी बहीण म्हणा. सोबत हिरवी पालेभाजी, दूध आणि भरपूर साखरेचा दुधाचा चहा. त्या पालेभाजीला सुकुमा विकी म्हणतात. त्यांच्या स्वाहिली भाषेत याचा अर्थ "आठवडा ढकलणारी". पगार संपला की आठवडा हिच्यावर काढायचा. गरिबी सगळीकडे एकाच चवीची असते, नाही का?

पहाटे लाल मातीच्या रस्त्यांवर तिथं पळणाऱ्यांचे घोळके निघतात. एकट्यानं कुणी पळत नाही, सगळे मिळून पळतात. शाळांमधूनही खेळाला जोर दिला जातो. इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ साली आयर्लंडहून कोम ओ'कॉनेल नावाचे एक शिक्षक आले. ते होते भूगोलाचे, पण त्यांच्या हाताखाली जगज्जेते धावपटू घडले. चांगलं पळणाऱ्याला तिथलं पोलीस खातं, लष्कर, तुरुंग खातं नोकरी देतं. कॅथरीन न्देरेबा ही तुरुंग खात्यात नोकरीला होती. तिनं बोस्टनची मॅरेथॉन चार वेळा जिंकली, दोन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक घेतलं. म्हणजे पळून वर्दी मिळवायची, हा आपल्या मुलींचा हिशेब तिकडेही तसाच आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल, त्यांच्याकडे हवा आहे, रक्त आहे, डोंगर आहे, आपल्याकडे काय आहे? पण आता दोन साली बघा.

केनियाच्या पुरुषानं ऑलिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं १९६८ साली. केनियाच्या बाईनं पहिलं सुवर्णपदक मिळवलं २००८ साली, बीजिंगला, पामेला जेलिमो हिनं ८०० मीटरमध्ये. पदक म्हणाल तर बाईचं पहिलं पदक १९९६ चं, पॉलिन कोंगाचं रौप्य. मध्ये चाळीस वर्षं गेली. डोंगर तोच होता, हवा तीच, उगाली तीच, आणि भाऊ पळत होता त्याच घरात बहीण होती. १९६८ च्या ऑलिम्पिकला केनियाच्या मुली गेल्याही होत्या, पण कमी अंतरांसाठी. एक कारण वर आलंच, लांब अंतराच्या शर्यती बायकांना ठेवलेल्याच नव्हत्या. दुसरं कारण घरातलं. मुलगी शाळेतून लवकर निघायची, पाणी-लाकूडफाटा-भावंडं बघायची आणि लग्न होऊन जायची. म्हणजे हवेनं आणि रक्तानं कुणी आपोआप पळत नाही. मुलीला पळायला मोकळीक मिळाली तर हवा आणि रक्त कामाला येतं.

तेग्ला लोरूप हिची गोष्ट यात मोलाची आहे. तिच्या वडिलांना अनेक बायका होत्या, भावंडं वीसच्या वर. शाळा दहा किलोमीटर लांब, ती पळत जायची. वडिलांना तिचं पळणं पसंत नव्हतं. हे बाईचं काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. अंगानं लहानखुरी, त्यामुळे सुरुवातीला खेळाच्या अधिकाऱ्यांनीही तिला फार मोजलं नाही. १९९४ साली तिनं न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. ती जिंकणारी आफ्रिकेतली पहिली बाई. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. १९९८ आणि १९९९ मध्ये तिनं मॅरेथॉनचा जागतिक विक्रम दोनदा केला. त्यानंतर केनियाच्या बायकांची जी रांग लागली, ती अजून थांबलेली नाही.

आणि "लेकरू झालं की बाईचं पळणं संपलं" असं म्हणणाऱ्यांसाठी फेथ किपयेगॉन. २०१६ ला तिनं १५०० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. २०१८ ला तिला मुलगी झाली. दीड वर्षाहून जास्त काळ ती शर्यतींपासून दूर होती. मग टोकियोत २०२१ ला पुन्हा सुवर्ण, पॅरिसला २०२४ ला पुन्हा सुवर्ण. आई झाल्यावर ती आधीपेक्षा जोरात पळाली.

सावरपाड्याची कविता

आता घरी येऊ. नाशिक जिल्ह्यातलं सावरपाडा हा आदिवासी पाडा. तिथली कविता राऊत. पाणी लांबून आणावं लागायचं, शाळा लांब. शाळेत खेळ निवडायची वेळ आली तेव्हा तिनं पळणं निवडलं, कारण अनवाणी पळता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. पुढे नाशिकला विजेंदर सिंग या प्रशिक्षकांकडे ती शिकली.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. १०,००० मीटरच्या शर्यतीत पहिली आली केनियाची ग्रेस मोमान्यी, दुसरी आली केनियाची डोरिस चांगेयवो आणि तिसरी आली आपली कविता, ३३ मिनिटं ५ सेकंदांत. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रकुलचं पदक घेणारी ती पहिली भारतीय बाई. दोन केनियन बायांच्या पाठोपाठ सावरपाडा! तिला लोक "सावरपाडा एक्सप्रेस" म्हणायला लागले ते उगीच नाही. पण मला त्याहून भारी वाटतं ते पुढचं. दीड-दोन महिन्यांत चीनमध्ये ग्वांगझूला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथं तिनं तेच अंतर ३१ मिनिटं ५१ सेकंदांत संपवलं. म्हणजे जवळजवळ सव्वा मिनिट कमी. रौप्यपदक मिळालं, आणि पुढं फक्त एक सेकंदानं कोण होती तर आपल्याच देशाची, केरळची प्रीजा श्रीधरन. दिल्लीत केनियाच्या जिनं सुवर्ण घेतलं होतं तिची वेळ ३२ मिनिटं ३४ सेकंद. शर्यत वेगळी, हवा वेगळी, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही, हे मान्य. तरी आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे?

मोहीची ललिता

दुसरी ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, गाव मोही, घर शेतकऱ्याचं. माण म्हणजे दुष्काळ. आपल्या तालुक्याची एक बाजू कॅनॉलवर हिरवी आणि एक बाजू कोरडी असते, त्यातली कोरडी बाजू आठवा, म्हणजे माण कळेल. ललिता आधी लांब अंतर पळायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत ती २०१२, २०१३, २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. मग तिनं स्टीपलचेस धरली. २०१४ ला आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ ला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत आठवी, आणि २०१६ ला अर्जुन पुरस्कार.

२०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत पळाली होती, त्यानंतर ३२ वर्षांनी भारताची एखादी बाई ऑलिम्पिकच्या मैदानावर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत उभी होती. तारीख होती १५ ऑगस्ट. ती दहावी आली. "दहावी म्हणजे काय मोठं," असं कुणी म्हणालं तर सांगा, जगात दहावी. त्या शर्यतीत बहारीन देशाकडून पळून जी पहिली आली, रूथ जेबेट, तिचाही जन्म केनियातलाच. ललिताचा विक्रम सात वर्षं टिकला. तो २०२३ ला उत्तर प्रदेशच्या पारुल चौधरीनं मोडला, तीही शेतकऱ्याची मुलगी. ललिता पुढे राज्य शासनात उपजिल्हाधिकारी झाली.

याच माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ साली बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली, हे आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला होता, कारण अर्जावर अंगठे होते. बाया अक्षर शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. आज माणदेशी फाउंडेशन तिथल्या मुलामुलींना खेळाचं प्रशिक्षणही देतं. बचतीचं काम आणि खेळाचं काम एकाच छपराखाली चालू शकतं, याचं हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं उदाहरण.

पळण्याचं बोलताना आपल्याकडे कुणीतरी बारामतीच्या लता करेंचं नाव काढतंच. २०१३ साली साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये पळाल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखलही घेतली गेली. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. पण एक सांगू का? त्या हौसेनं पळाल्या नव्हत्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून बक्षिसासाठी पळाल्या. आपण टाळ्या वाजवतो आणि म्हातारपणी एका बाईवर ही वेळ का यावी, हे विचारायचं विसरतो. आपल्या गटाच्या निधीतून आजारपणाला कर्ज ठेवतो ते याचसाठी.

ताटात काय हवं

लांब पळणाऱ्या मुलीचा खरा इंधनसाठा रक्त. केनियात डोंगर रक्त वाढवतो, आपल्याकडे ते काम ताटाला करावं लागतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे रस्त्यावर दहा मुली पळत असतील तर निम्म्या जणी अर्ध्या टाकीवर पळतायत. पोरगी महिनाभर सराव करूनही वेळ कमी होत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, सारखी झोप येत असेल तर तिला "आळशी" म्हणण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या सुरू करा. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, ती फेकून देऊ नका म्हणावं. पोटात मळमळ होत असेल तर जेवल्यावर घ्यायची. जेवणाबरोबर लिंबू पिळावं, आणि जेवणानंतर लगेच चहा नको, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

बाकी महागडे डबे आणायची गरज नाही. बाजरीची भाकरी, मेथी-चवळी-राजगिऱ्याची पालेभाजी, मटकी-हुलगा, शेंगदाणे, गूळ, दूध, ज्यांच्याकडे चालतं त्यांनी अंडी. पळून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. केळं आणि मूठभर शेंगदाणे चालतील. आपल्या घरात एक सवय असते, भावाच्या ताटात दूध आणि हिच्या ताटात चहा. ती सवय पहिली मोडा.

पाळीत पळू द्यायचं का? मुलीला बरं वाटत असेल तर खुशाल पळू द्या, काही बिघडत नाही. जास्त दुखत असेल त्या दिवशी विश्रांती. मात्र उलटी गोष्ट लक्षात ठेवा. खूप पळणाऱ्या, पण कमी खाणाऱ्या मुलीची पाळी थांबते. तीन महिने पाळी आली नाही तर "बरंच झालं, कटकट गेली" असं समजू नका. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही, याची ती खूण आहे. अशा मुलींची हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. डॉक्टरांना दाखवा आणि ताट वाढवा.

रस्त्याचंही सांगते. सोलापूर हायवेच्या कडेनं अंधारात पळणं धोक्याचं आहे, गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. शाळेचं मैदान, माळरान, कॅनॉलकडेचा कच्चा रस्ता बरा. मातीवर गुडघ्यालाही त्रास कमी होतो. ज्या दिवशी कारखान्यांकडून उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, त्या दिवशी पळू नये. पळताना आपण नेहमीच्या कितीतरी पट हवा आत घेतो. आणि केनियातल्यासारखं घोळक्यानं पळावं. सोबत असली की वेगही वाढतो आणि वाटेवर टवाळी करणाऱ्यांची हिंमतही कमी होते.

दहावीनंतर काय होतं?

शाळेत तालुका पातळीला पळणाऱ्या मुली भरपूर असतात. दहावी-बारावीनंतर त्या कुठं जातात? लांब अंतराच्या धावपटूचं शरीर विशी-पंचविशीनंतर खरं पिकतं. ललिता रिओला पळाली तेव्हा २७ वर्षांची होती, कविता दिल्लीत पदक घेताना २५ ची. आपल्याकडे त्या वयात मुलीच्या कडेवर दुसरं मूल असतं. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. आपल्या मुलींचे पाय तिकडच्या मुलींपेक्षा कमी नाहीत, त्यांना वर्षं कमी मिळतात. ज्या घरांना वाटतं की खेळून काय मिळणार, त्यांना माहिती असू द्या. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि मोठ्या कंपन्याही खेळाडू घेतात, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण, सराव सगळं तिथं होतं. पुण्यात बालेवाडीला ती आहे. प्रमाणपत्रं जपून ठेवा, तालुक्याचंसुद्धा.

आणि शेवटी पैसा

केनियाची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. तिथं पळून बाई घरातली सगळ्यात जास्त कमावणारी होते. मॅरेथॉनच्या एका बक्षिसात जमीन येते, घर येतं. मग या पैशाभोवती माणसं गोळा होतात. कुणी प्रशिक्षक म्हणून, कुणी नवरा म्हणून. सह्या त्यांच्या, खाती त्यांची, सातबारा त्यांच्या नावावर. ॲग्नेस तिरोप ही अवघी २५ वर्षांची मुलगी. सप्टेंबर २०२१ मध्ये तिनं फक्त बायकांच्या १० किलोमीटर रस्ता शर्यतीचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच महिन्यात इटेनमधल्या तिच्या घरात तिचा भोसकून खून झाला. नवऱ्याला अटक झाली, त्यानं आरोप नाकारला. तिच्या मैत्रिणींनी मग "तिरोप्स एंजल्स" नावाची संस्था काढली, घरात मार खाणाऱ्या बायांना आधार द्यायला. २०२४ मध्ये युगांडाची रेबेका चेप्तेगेई पॅरिसला ऑलिम्पिक मॅरेथॉन पळून परत आली. केनियात तिनं सरावासाठी जागा घेऊन घर बांधलं होतं. तिच्या आधीच्या जोडीदारानं तिच्यावर पेट्रोल ओतून पेटवलं, त्यात ती गेली. दोघांत त्या जमिनीवरून वाद चालू होता, असं बातम्यांत आलं.

पैशाच्या मागं लागून औषधं घेण्याचे प्रकारही होतात. रूथ चेपंगेटिच २ तास १० मिनिटांच्या आत मॅरेथॉन पळणारी जगातली पहिली बाई. विक्रम केला २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये बंदी असलेलं औषध सापडून तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. भारतातल्या धावपटूंवरही अशा बंद्या आल्यात. म्हणून "ताकदीची" म्हणून कुणी पावडर, गोळी, इंजेक्शन दिलं तर मुलीनं ते घरी आणून दाखवलं पाहिजे, एवढा धाक आणि एवढा विश्वास दोन्ही ठेवा. प्रशिक्षकाबरोबर बाहेरगावी जायचं असेल तर सोबत एखादी बाई हवीच, आणि नकोसं काही घडलं तर मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे फोन नंबर तिला पाठ असू द्या.

हे सगळं वाचताना आपल्या बचत गटाचा पहिला दिवस आठवतो. तेव्हाही भांडण इथंच होतं, पासबुक कुणाच्या कपाटात ठेवायचं? तेच पळणाऱ्या मुलीला लागू करा. बक्षीस पाचशे रुपयांचं का असेना, ते तिच्या खात्यात जाऊ द्या. १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. रकमेची मर्यादा आणि अटी बँक ठरवते, त्यामुळे शाखेत विचारून घ्या. आधार, जन्माचा दाखला आणि दोन फोटो सोबत न्या. ती १८ ची झाली की बँक नव्यानं सहीचा नमुना मागते. त्या दिवशी तिला बरोबर घेऊन जा, आणि एटीएमचा पिन तिचा तिलाच टाकू द्या.